सोनेरी टोमॅटो पिकलाय हे ओळखायचं कसं?

अंगणवेल

गेल्या वर्षीपर्यंत मी फक्त लाल टोमॅटो लावत होते. यंदा पहिल्यांदा सोनेरी लावलेत. एकूण पाच झाडं. तीन सनगोल्ड चेरीची आणि दोन मोठ्या फळाची. मोठ्या फळाचं बी एका मैत्रिणीने तिच्या झाडाचं धरून ठेवलेलं दिलं. पुडीवर फक्त "सोनेरी, मोठा" एवढंच लिहिलेलं, जातीचं नाव नाही.

रोपांपर्यंत सगळं छान झालं. बी अर्धा सेंटीमीटर खोल पेरलं, सातव्या दिवशी जवळपास सगळं उगवलं. सहा आठवड्यांनी खालची पानं काढली आणि निम्मं खोड मातीत जाईल असं लावलं. चेरी २० लिटरच्या कुंड्यांत आहेत. मोठी दोन जमिनीत, मध्ये ६० सेंटिमीटर अंतर. ऊन सात तास मिळतं. घोस भरपूर लागलेत.

अडलंय ते पिकण्यापाशी. लाल टोमॅटोला कधी विचारावं लागत नाही, तो लांबूनच सांगतो. मोठ्या फळाच्या झाडावरचं एक फळ चांगलं पिवळं-केशरी झालं म्हणून तोडलं. आतून कडक आणि आंबट. मग दुसऱ्या झाडावरचं फळ मुद्दाम दहा दिवस जास्त ठेवलं, तर ते मऊ पडलं, साल फाटली आणि गर पिठूळ. दोन्ही फळं तोडताना मला सारखीच पिवळी दिसत होती. एवढे महिने वाढवायचं आणि शेवटच्या आठवड्यात चुकायचं, याचं फार वाईट वाटतंय. तुम्ही कसं ओळखता?

कुंडीकर

ताई, आधी एक सांगा. आंबट निघालेलं फळ आणि पिठूळ झालेलं फळ वेगवेगळ्या झाडांवरचं होतं ना? दोन्ही झाडांचं पान, फळाचा आकार सारखाच आहे का? बी घरचं असेल तर हे विचारावं लागतं.

आणि तापमान किती आहे सध्या?

अंगणवेल

हो, वेगवेगळ्या झाडांवरची. पान सारखंच आहे. आकारही साधारण सारखा, थोडा चपटा. दुपारी ३४ अंशांपर्यंत जातंय, गेले दोन आठवडे तरी.

मृद्गंध

छान विषय काढलात. मी गेली आठ-नऊ वर्षं पिवळे आणि नारिंगी टोमॅटो लावतोय, आणि सुरुवातीला माझाही घोळ नेमका इथेच व्हायचा. रंगामागचं कारण कळल्यावर सोपं झालं, म्हणून ते थोडं सविस्तर लिहितो.

कच्च्या फळाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. पिकायला लागलं की ते मोडतं. लाल जातीत त्याच वेळी गरात लायकोपीन नावाचं लाल रंगद्रव्य साठायला लागतं, आणि हिरव्यावर लाल चढताना कुणालाही दिसतो. बहुतेक पिवळ्या जातींत मात्र हे रंगद्रव्य बनवण्याची साखळी पहिल्याच पायरीवर तुटलेली असते. फायटोईन सिंथेज नावाचं विकर (एन्झाइम) बनवणारं जनुक त्यांच्यात काम करत नाही. त्यामुळे गरात लायकोपीन जवळजवळ नसतं, बाकीची कॅरोटीनॉइडही, म्हणजे त्याच कुळातली पिवळी-नारिंगी द्रव्यंही, थोडीच. आपल्याला जो सोनेरी रंग दिसतो त्यातला मोठा वाटा सालीचा असतो. सालीत नारिंजेनिन चाल्कोन नावाचं पिवळं द्रव्य पिकताना जमतं. साल बिनरंगी असलेल्या जातीत तेच फळ फिकट लिंबासारखं किंवा हस्तिदंती दिसतं.

म्हणजे पिवळ्या टोमॅटोत ठळक असा नवा रंग चढत नाही. हिरवा उतरतो आणि मागे पिवळा उरतो. पिकण्याच्या पहिल्या दिवसाचा पिवळा आणि शेवटच्या दिवसाचा पिवळा यांत फरक असतो, पण तो गडदपणाचा, छटेचा. तो पकडायला डोळ्याला सराव लागतो.

नारिंगी जातींचं गणित निराळं. टँजरीन प्रकारात साखळी पुढे जाऊन अडते आणि लायकोपीनऐवजी प्रोलायकोपीन साठतं. आणखी एका प्रकारात बीटा कॅरोटीन भरपूर बनतं. या फळांत रंग खरोखरच चढत जातो, म्हणून ती ओळखायला तुलनेने सोपी. तुमच्या सनगोल्डलाही हेच लागू. ती पिवळी दिसली की लोक तोडतात आणि "एवढं नाव ऐकलं होतं, पण चव काही खास नाही" म्हणतात. तिला पिकलेल्या जर्दाळूसारखी गडद नारिंगी होऊ द्या. पिवळी असतानाची आणि नारिंगी झाल्यावरची सनगोल्ड, एकाच घोसातली, एकामागोमाग खाऊन बघा.

निळाई

मृद्गंध यांनी रंगाचं सांगितलंच आहे. मी तर पिवळ्या टोमॅटोच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबणं सोडूनच दिलंय. माझा भरवसा हातावर.

अंगणवेल, असं कर. फळ मुठीत नको दाबूस. अंगठ्याचा पेराकडचा भाग फळाच्या बुडाशी, म्हणजे फुलाकडच्या टोकाला, हलकेच टेकव. टोमॅटो पिकायला तिथूनच सुरुवात करतो, देठाजवळचा खांदा सगळ्यात शेवटी. बुडाशी लवचिक लागलं आणि खांद्याशी कडक, तर अजून दोन-तीन दिवस. खांद्यालाही तोच लवचिकपणा आला की तोड. खांदा मऊ आणि बूड त्याहून मऊ झालं तर उशीर झालाय.

दुसरं म्हणजे देठाचा सांधा. फळाच्या थोडं वर देठाला गाठ असते ना, बोटाच्या सांध्यासारखी? फळ तळव्यात घेऊन वर उचल आणि अंगठ्याने त्या गाठीवर हलका जोर दे. पिकलेलं फळ तिथून टचकन सुटतं. ओढावं, पिळावं लागलं तर राहू दे. काही जातींच्या देठाला ही गाठ नसतेच, तिथे हे चालत नाही, पण घरच्या बागेतल्या बहुतेक जुन्या जातींना असते.

हे सगळं सकाळी करायचं. दुपारी उन्हाने फळ तापलेलं असतं, तेव्हा अर्धं कच्चं फळही मऊ लागतं. मी एका उन्हाळ्यात संध्याकाळी तपासून तोडत होते आणि रोज फसत होते.

पारवा

वाचतोय. एक छोटी भर. टोमॅटोला इटालियन भाषेत पोमोदोरो म्हणतात, त्याचा अर्थच सोन्याचं सफरचंद. मात्तिओली या इटालियन वैद्याने १५४४ मध्ये युरोपातलं टोमॅटोचं पहिलं छापील वर्णन केलं, त्यात फळ पिकल्यावर सोनेरी होतं असं म्हटलंय. म्हणजे सोनेरी टोमॅटो ही अलीकडची नवलाई नाही. अमेरिकेत लिव्हिंग्स्टन यांनी गोल्डन क्वीन नावाची जात १८८२ मध्ये आणली, तीही आजपर्यंत लावली जाते. माझ्याकडे यंदा तीच आहे. बुडाशी किंचित गुलाबी झाक येते तेव्हा ती सगळ्यात गोड लागते.

कुंडीकर

गोल्डन ज्युबिली लावली आहे का कोणी? १९४३ ची जात आहे, मोठी नारिंगी फळं. मला तिची चव सौम्य आणि भरीव वाटते. यलो पेअर मात्र मी पुन्हा लावणार नाही. दिसायला इतकी सुंदर, छोट्या नाशपातीसारखी, घोसच्या घोस लागतात, आणि चव पाणचट. हे माझं मत झालं. तिच्यावर जीव असलेले लोकही मला भेटलेत.

अंगणवेल

किती छान माहिती! निळाईताई, आज सकाळीच करून बघितलं. सनगोल्डची सात फळं गाठीवरून टचकन सुटली. तीन जण हलले नाहीत, त्यांना राहू दिलं. सातही फळं नारिंगी होती आणि खरंच मधासारखी. कालपर्यंत मी त्यांना पिवळी असतानाच तोडत होते.

मोठ्यांचं मात्र अजून कळत नाहीये. एका झाडावरची फळं बुडाशी मऊ होत चाललीत आणि छान पिवळी आहेत. दुसऱ्या झाडाची केशरी-पिवळी होऊन तिथेच थांबलीत. पाच दिवसांत काही बदल नाही. हेच ते आंबट फळाचं झाड.

बीजमाळ

दिवसांचा हिशेब ठेवा असं सुचवेन. फळ मुगाएवढं झालं की त्या घोसाला रंगीत लोकरीचा तुकडा बांधायचा आणि वहीत तारीख लिहायची. मोठ्या फळाला फुलापासून पिकेपर्यंत साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, चेरीला त्याहून कमी. थंडीत लांबतं. जात नवी असेल तर पहिल्या घोसावर हा हिशेब बसतो आणि पुढच्या सगळ्या घोसांना कामी येतो. मी आठवड्याला एक रंग वापरते. निळी लोकर बांधलेले घोस पिकायला लागले की त्या आठवड्यातले बाकीचे घोसही कुठवर आलेत ते शोधावं लागत नाही.

झाडावर फळं भरपूर असतील तर एक फळ कापायचं. सुरीने आडवं काप घ्या. बिया सुरीखाली कापल्या गेल्या तर फळ अगदीच कच्चं आहे, तोडलं तरी नीट पिकणार नाही. बिया चिकट गरातून निसटून बाजूला सरकल्या तर फळ पूर्ण भरलंय, बाहेरून हिरवं असलं तरी घरात ठेवून पिकेल. आणि बियांभोवतीच्या गरातला हिरवेपणा गेला असेल तर खायला तयार.

रानवाट

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. फळ तडकतं त्याचं काय करायचं? सनगोल्ड आहे. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी निम्मी फळं फुटलेली. पिकायची वाट बघावी तर फुटतात, आधी तोडावी तर आंबट.

मृद्गंध

सनगोल्डची साल पातळ असते, तडकणं हा तिचा स्वभावच आहे. माती कोरडी असताना अचानक भरपूर पाणी मिळालं की गर फुगतो आणि पिकत आलेली साल तेवढी ताणली जात नाही. त्यामुळे उपाय पावसाच्या आधी करायचा असतो. माती कधीच पूर्ण कोरडी पडू द्यायची नाही, म्हणजे पावसाचं पाणी आलं तरी झटका बसत नाही. पाच सेंटिमीटर जाडीचं वाळक्या पानांचं किंवा गवताचं आच्छादन याला फार मदत करतं. कुंडीत असेल तर उन्हाळ्यात रोज, कधी दोनदाही पाणी लागतं. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं आणि मगच घालायचं.

मोठा पाऊस येणार असं दिसलं की मी रंग बदलायला सुरुवात झालेली सगळी फळं आदल्या दिवशी तोडून टाकतो. टोमॅटो तोडल्यावरही पिकतो, कारण फळ स्वतःच इथिलीन वायू तयार करतं. रंग फिरायला लागल्यावर तोडलेल्या फळाची चव झाडावर पिकलेल्याच्या बरीच जवळ जाते. घरात १८ ते २१ अंशांच्या आसपास, उन्हापासून दूर, एका थरात पसरून ठेवा. खिडकीतल्या उन्हात ठेवायची गरज नाही. आणि फ्रिजमध्ये तर नकोच. साधारण १२ अंशांच्या खाली पिकणं अडखळतं आणि सुगंध जातो तो परत येत नाही.

रानवाट

धन्यवाद, आच्छादन उद्याच घालते. मोठ्या फळांच्या बुडाला काळे खोलगट डाग पडतात, तेही पाण्याचंच का? मी अंड्याची टरफलं घातली होती, फरक पडला नाही.

बीजमाळ

हो, तेही बहुतेक वेळा पाण्याचंच. डाग कॅल्शियमच्या कमतरतेने पडतो, पण मातीत कॅल्शियम सहसा असतं. ते पाण्याबरोबर वर चढतं. पाणी खंडित झालं की फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. टरफलं मातीत विरायला खूप वेळ घेतात, या हंगामातल्या फळाला त्यांचा उपयोग नाही. पाणी नियमित करा, नत्राचं खत थांबवा. डाग पडलेली फळं तोडून टाका, पुढचे घोस स्वच्छ येतील. पहिल्या घोसालाच हा त्रास जास्त होतो. कोणी एप्सम सॉल्ट घाला म्हणालं तर घालू नका. त्यात मॅग्नेशियम असतं, आणि ते जास्त झालं तर मुळांकडून कॅल्शियम घेतलं जाण्यात आणखी अडथळा येतो.

ओलीमाती

सोनेरी टोमॅटोत आम्ल नसतं ना? आमच्या घरी पित्ताचा त्रास आहे, म्हणून मुद्दाम हे लावायचं ठरवलंय.

मृद्गंध

हा समज फार पसरलेला आहे, पण रंगावरून आम्ल ठरत नाही. बरेच पिवळे टोमॅटो लाल टोमॅटोइतकेच आम्ल असतात. कमी आंबट लागतात कारण काही जातींत साखर जास्त असते, आणि सुगंधाची द्रव्यंही वेगळी असतात. टोमॅटोचे काही सुगंध कॅरोटीनॉइड मोडून तयार होतात. ज्या फळात कॅरोटीनॉइडच कमी, त्याचा वास आणि चव साहजिकच सौम्य, फळासारखी लागते. जीभ त्याला "आंबट नाही" म्हणते. तुम्ही लावा जरूर, चवीसाठी लावा, पण पित्तावर उपाय म्हणून त्यावर विसंबू नका.

हेच बाटलीत भरून टिकवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. वर्षभरासाठी भरताना सामू (pH) ४.६ च्या खाली असणं गरजेचं असतं, आणि टोमॅटो कुठल्याही रंगाचा असो, तो त्या रेषेच्या इतका जवळ असतो की वरून आम्ल घालावंच लागतं. पिवळा आहे म्हणून कमी किंवा जास्त असा हिशेब करू नये.

निळाई

अंगणवेल, त्या थांबलेल्या झाडाचं काय झालं?

अंगणवेल, १२ दिवसांनी

सांगायला उशीर झाला, पण मोठी बातमी आहे. मध्ये चार दिवस ढगाळ होतं, पाऊसही झाला, दुपारचं तापमान २६ पर्यंत उतरलं. आणि ती थांबलेली फळं लाल व्हायला लागली! केशरी-पिवळी होती ती आता बुडापासून सरळ लाल. म्हणजे मी जे फळ सोनेरी समजून तोडलं आणि आंबट म्हणून हळहळले, ते लाल टोमॅटोचं अर्धवट पिकलेलं फळ होतं? मैत्रीण म्हणते, तिने बी सोनेरी फळातूनच काढलं होतं. ते फळ तिने स्वतः कापलं होतं, आत-बाहेर पिवळं होतं. मग असं कसं?

कुंडीकर

मला पहिल्या दिवसापासून हीच शंका होती, म्हणून झाडं सारखी आहेत का विचारलं. पान आणि आकार सारखा म्हणालात तेव्हा मीही गप्प बसलो. मृद्गंध नीट सांगतील.

मृद्गंध

यात दोन गोष्टी एकत्र आल्यात.

पहिली उष्णतेची. तापमान ३० अंशांच्या वर राहिलं की लायकोपीन बनणं मंदावतं आणि जास्त उष्णतेत थांबतं. हरितद्रव्य मात्र मोडत राहतं आणि पिवळी-नारिंगी द्रव्यं थोडीफार बनत राहतात. म्हणून कडक उन्हाळ्यात लाल जातीची फळंही केशरी-पिवळी होऊन अडकून बसतात. गारवा आला की पुढचा रंग चढतो. तुमच्या झाडाने नेमकं तेच केलं. ३४ अंशांत ते सोनेरी असल्यासारखं दिसत राहिलं.

दुसरी गोष्ट बियांची. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं. वाऱ्याने हललं किंवा भुंग्याने फूल धरून गुणगुण केली की परागकण नळीतून खाली पडतात आणि तिथल्याच स्त्रीकेसरावर बसतात. त्यामुळे संकर सहसा होत नाही. पण कधी कधी होतो. मैत्रिणीच्या बागेत लाल टोमॅटो असणार, आणि एखाद्या भुंग्याने त्याचा पराग सोनेरी झाडाच्या फुलावर आणला असणार. त्या फळात काहीच वेगळं दिसलं नसतं, कारण फळाची साल आणि गर पूर्णपणे आईच्या झाडाचे असतात. नवं नातं फक्त बियांत असतं. एका फळातल्या काही बिया शुद्ध सोनेरी आणि एखाद-दुसरी संकरित, असंही होतं.

पिवळा गर हा मागे राहणारा गुण आहे. दोन्ही बाजूंनी पिवळ्याचं जनुक आलं तरच फळ पिवळं. एका बाजूने लालचं आलं की झाड लालच फळ देणार. तुमचं पाचवं, म्हणजे ते थांबलेलं झाड तसं आहे. पान आणि आकार आईसारखा वाटला तरी त्यात नवल नाही.

बीजमाळ

आणि गंमत पुढे आहे. त्या लाल झाडाच्या एका फळाचं बी धरा आणि पुढच्या वेळी जागा असेल तर दहा-बारा रोपं लावा. साधारण चारातलं एक सोनेरी निघायला हवं. दहा-बारांत हे प्रमाण अगदी नेमकं बसेलच असं नाही, पण एखादं तरी सोनेरी दिसण्याची शक्यता खूप चांगली आहे. आकार, चव सगळं थोडं थोडं वेगळं निघेल. त्यातलं आवडेल ते ठेवायचं. माझ्याकडची एक आवडती जात अशाच चुकीच्या झाडातून, सहा हंगाम निवड करत आली.

सनगोल्डचं बी मात्र "तसंच येईल" या आशेने धरू नका. ती जपानच्या तोकिता कंपनीची संकरित जात आहे. तिच्या बियांतून निघणाऱ्या झाडांत रंग, गोडी, आकार सगळं विखुरतं.

अंगणवेल

मला हे वाचून इतका आनंद झालाय! चुकलेलं झाड उपटायचा विचार करत होते काल. आता त्याला वेगळ्या रंगाची लोकर बांधलीये.

बी काढायची नीट पद्धत सांगाल का? आणि सोनेरी झाडाचं बी यंदा शुद्ध राहावं म्हणून काय करू?

बीजमाळ

शुद्धतेसाठी: फुलं उमलण्याआधी एका घोसाला पातळ जाळीची छोटी पिशवी बांधा. रोज दुपारच्या आधी देठाला टिचकी मारून फूल हलवा, पराग आपोआप पडेल. मुगाएवढी फळं दिसली की पिशवी काढा आणि त्या घोसाला खूण करा. बी फक्त त्यातलंच धरायचं. मध्येच तापमान ३५ च्या वर गेलं किंवा रात्री फार गरम राहिल्या तर फुलं गळतील, मग पुढच्या घोसाला पुन्हा बांधायची.

काढण्यासाठी: खाण्याइतकं पिकून वर दोन-तीन दिवस झालेलं फळ घ्या. बिया चिकट गरासकट काचेच्या भांड्यात पिळा, थोडं पाणी घाला, फडकं झाका आणि दोन-तीन दिवस सावलीत आंबू द्या. रोज एकदा ढवळा. बियांभोवतीच्या त्या चिकट आवरणात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ती आंबल्यावर सुटतात. वर पांढरट थर आला आणि भरलेल्या बिया तळाशी बसल्या की वरचं सगळं ओतून द्या, स्वच्छ पाण्याने तीन-चारदा धुवा. कागदावर नका वाळवू, चिकटतात. स्टीलच्या ताटलीत किंवा गाळणीत, सावलीत, अधूनमधून हलवत. तीन दिवसांपेक्षा जास्त आंबवलंत तर बिया भांड्यातच उगवायला लागतात, माझ्याकडे असं झालंय. नीट वाळलेलं बी कोरड्या, गार जागी चार-पाच वर्षं सहज टिकतं.

पुडीवर तारीख, झाडाचा क्रमांक आणि "जाळीतलं" की "उघडं" हे लिहा. तुमच्या मैत्रिणीलाही सांगा.

ओलीमाती

बगलेतले फुटवे काढायचे का? प्रत्येक ठिकाणी वेगळं वाचलं.

निळाई

झाड कोणत्या वाढीचं आहे त्यावर. सनगोल्डसारखी वेलीगत वाढत राहणारी असेल तर काढ, एक किंवा दोन मुख्य खोडं ठेव, सुतळीने काठीला सैल बांध. गोल्ड नगेटसारख्या झुडपी जातींचे काढू नकोस, त्यांची फळं त्या फुटव्यांवरच येतात. आणि कुठल्याही झाडाची पानं एकदम ओरबाडू नकोस. पानांची सावली गेली की फळाला ऊन भाजतं. लाल फळावर तो पांढरा चट्टा लगेच दिसतो. पिवळ्यावर सुरुवातीला कळतच नाही, पिकण्याचीच छटा वाटते, आणि दोन दिवसांनी तिथे कागदासारखं पातळ होतं. हात लावलास की कळेल.

घरात कोणी तंबाखू वापरत असेल तर झाडाला हात लावण्याआधी साबणाने धुवायला सांग. तंबाखूतून मोझॅक विषाणू झाडाला लागू शकतो.

पारवा

खांद्याशी कडक पिवळा-पांढरा भाग राहतो, बाकी फळ पूर्ण पिकलं तरी. तो पण उष्णतेने का?

मृद्गंध

उष्णता हे एक कारण, आणि पालाशची (पोटॅशची) कमतरता हे दुसरं. खांद्याजवळचा गर नीट पिकतच नाही, कितीही थांबलात तरी. लाल फळात पिवळा खांदा म्हणून डोळ्याला दिसतो, सोनेरीत लपतो आणि दाताखाली आल्यावर कळतो. म्हणून निळाई म्हणतात तसं खांदाही चाचपायचा. बूड मऊ आणि खांदा लाकडासारखा, असं तीन-चार फळांत सलग दिसलं तर वाट बघत बसू नका, तोडा आणि तेवढा भाग कापून टाका. फुलं येऊ लागली की नत्र कमी करून पालाश असलेलं खत वाढवा, दुपारच्या कडक उन्हात फळांवर पानांची सावली राहील असं बघा.

अंगणवेल, तीन आठवड्यांनी

आज सकाळी चौथ्या झाडाचं, म्हणजे खऱ्या सोनेरीचं, पहिलं वेळेवर तोडलेलं फळ. लोकरीच्या हिशेबाने ५३ वा दिवस. बुडाला आणि खांद्याला सारखाच लवचिकपणा होता, गाठीवरून आवाज करत सुटलं. हातात घेतल्यावर कळलं की रंगही बदलला होता. आठवड्यापूर्वी लिंबासारखा होता, आता त्यात उबदार गडदपणा आलाय. शेजारी कच्चं ठेवल्याशिवाय मला तो दिसला नसता.

मृद्गंध यांनी सालीचं लिहिलं होतं म्हणून ते फळ गरम पाण्यात बुडवून सोललं आणि साल उजेडासमोर धरली. पिवळीधमक, काचेसारखी. आतला गर तिच्याहून बराच फिकट. पाचव्या झाडाच्या लाल फळाची साल सोलली तर तीही पिवळीच! लाल सगळा गरात. दोन्ही साली एकमेकींवर ठेवल्या तर कुठली कुणाची ते सांगता येत नव्हतं.

चव गोड, सौम्य, मागून हलका आंबटपणा. घरात सगळ्यांनी एकेक फोड खाल्ली आणि ताटली रिकामी. जाळीतल्या घोसाला तीन फळं आहेत, त्यांना कोणी हात लावायचा नाही असं सांगून ठेवलंय. लाल झाडाचं बी कालच भांड्यात आंबायला घातलंय, पुडीवर "पाचवं झाड, उघडं" लिहिलंय.

बीजमाळ

त्या बियांतली चार-पाच मला पाठवाल का? मी माझ्याकडे लावते. आपण दोघी मिळून वीसेक झाडं बघू शकू.

अंगणवेल

नक्की! वाळली की वीस बिया वेगळ्या पुडीत ठेवते तुमच्यासाठी.